यीस्टने मागे ठेवलेला गोडवा

बिअर हे मुळात गोडवा संपवून तयार होणारे पेय आहे. जवाला मोड आणून ते वाळवले की त्याला माल्ट म्हणतात. हा माल्ट भरडून गरम पाण्यात भिजत ठेवला, की धान्यातील विकरे पिष्टाचे शर्करेत रूपांतर करतात, आणि जो चिकट गोड रस निघतो तो हॉप्स या वेलीच्या कडू फुलांसह उकळून, थंड करून यीस्टच्या स्वाधीन केला जातो. यीस्ट ही एकपेशीय बुरशी त्या रसातील बहुतेक शर्करा खाऊन टाकते आणि तिच्या बदल्यात मद्यार्क व कर्बवायू देते. म्हणून ज्याला केक, कॅरॅमल किंवा दुधाळ कॉफी यांची आठवण करून देणारी बिअर करायची आहे, त्याच्यापुढची पहिली अडचण ही की रसात साखर जितकी अधिक घालावी तितकी बिअर गोड होत नाही, फक्त अधिक मादक होते. गोडवा घालणे सोपे असते. तो यीस्टपासून वाचवून प्याल्यापर्यंत नेणे हे खरे कसब आहे, आणि अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या लाँगमाँट गावच्या ‘लेफ्ट हँड ब्रुइंग कंपनी’ या स्वतंत्र ब्रुअरीची ‘मिल्क स्टाउट’ ही बिअर त्या कसबाचा अतिशय चांगला नमुना आहे.

स्टाउट म्हणजे गडद, जवळपास काळी बिअर. अठराव्या शतकात लंडनमध्ये कष्टकऱ्यांत लोकप्रिय झालेल्या पोर्टर या तपकिरी बिअरचा अधिक कडक प्रकार म्हणून ती पुढे आली, आणि १८१७ मध्ये डॅनियल व्हीलर यांनी माल्ट भाजण्याच्या फिरत्या पिंपाचे पेटंट घेतल्यानंतर तिला आजचा काळा रंग मिळाला. कारण या पिंपात धान्य जळू न देता अगदी काळ्या रंगापर्यंत भाजता येऊ लागले आणि असे थोडेसे धान्य मोठ्या हंड्याला रंग व स्वाद देण्यास पुरू लागले. भाजणीचे धान्य परतताना ज्या क्रमाने खमंग, मग किंचित कडवट आणि शेवटी करपट वास येत जातो, तोच क्रम माल्टच्या भट्टीतही असतो, आणि कोणत्या टप्प्यावर धान्य उतरवले यावर बिस्किट, कॅरॅमल, कोको किंवा कडक कॉफी यांपैकी कोणता स्वाद उतरेल हे ठरते. या व्यवसायात ‘चॉकलेट माल्ट’ नावाचा एक माल्ट वापरला जातो, त्यात चॉकलेटचा कणही नसतो. उष्णतेने धान्यातील शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्यात होणाऱ्या, कोकोच्या बियांत किंवा पावाच्या कवचातही घडणाऱ्या अभिक्रियांमुळे त्याला तो स्वाद येतो. मिष्टान्नाचा भास देणाऱ्या स्टाउटमधील अर्धा भास असा केवळ भाजण्यातून येतो, आणि ही गोष्ट पुष्कळदा लक्षात घेतली जात नाही.

उरलेला अर्धा दुधातून येतो. मिल्क स्टाउटमध्ये दूध नसते, तर लॅक्टोज म्हणजे दुग्धशर्करा असते; चीज तयार करताना जी निवळी उरते तिच्यातून ही शर्करा वेगळी काढून तिची पांढरी पूड केली जाते. लॅक्टोजचा रेणू ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोन साध्या शर्करांचा जोड आहे. हा जोड तोडणारे विकर बिअरच्या यीस्टपाशी नसते, त्यामुळे आजूबाजूची माल्टची शर्करा फस्त करणारे यीस्ट लॅक्टोजला हात लावत नाही आणि ती बिअरमध्ये जशीच्या तशी राहते. तिची गोडी उसाच्या साखरेच्या जेमतेम पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकी असल्याने तिने बिअर सरबतासारखी होत नाही. तिचे मुख्य काम म्हणजे पेयाला दाटपणा देणे आणि काळ्या धान्याचा करपटपणा झाकणे. घरी बिअर करणाऱ्यांच्या पाककृतींत तिचे प्रमाण साधारणतः लिटरमागे १२ ते २५ ग्रॅम असते, म्हणजे लिटरभर बिअरमध्ये, काही जण पेलाभर चहात जेवढी साखर घालतात तेवढेच.

ही युक्ती अमेरिकेची नव्हे. इंग्लंडच्या केंट परगण्यातील हाइथ येथील मॅकेसन ब्रुअरीने १९०७ मध्ये लॅक्टोज घातलेली स्टाउट तयार केली, आणि दुधाचा कॅन हे तिच्या लेबलावरचे चिन्ह ठरले. मॅकेसन पुढे व्हिटब्रेड या मोठ्या कंपनीच्या ताब्यात गेली आणि ही बिअर सर्वदूर विकली जाऊ लागली. त्या काळी गोड स्टाउट हे अशक्तांचे, बाळंतिणींचे आणि वृद्धांचे पौष्टिक पेय म्हणून खपवले जात असे. आजच्या वैद्यकीय ज्ञानासमोर तो दावा मुळीच टिकत नाही आणि स्तनदा मातांना मद्य देण्याची ती पद्धत घातकच म्हणावी लागेल. दुसऱ्या महायुद्धानंतर, दूधच टंचाईचे झालेले असताना, १९४६ मध्ये ब्रिटनमधील लेबलांवरून ‘मिल्क’ हा शब्द काढावा लागला. त्यानंतरच्या दशकांत फिकट, थंडगार लागर बिअरची चलती होत गेली आणि गोड स्टाउट म्हाताऱ्यांचे पेय समजली जाऊन मागे पडली. तिला जो नवा जन्म मिळाला तो अटलांटिकच्या पलीकडे, रॉकी पर्वतांच्या पायथ्याशी.

कोलोरॅडोत हे घडण्याला कारण होते. अमेरिकेत दारूबंदी १९३३ मध्ये उठली तरी घरी बिअर तयार करण्याला संघराज्याच्या कायद्याने मुभा नव्हती. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये स्वाक्षरी केलेल्या कायद्याने ती मिळाली. त्याच वर्षी कोलोरॅडोतील बोल्डर येथे चार्ली पपाझियन यांच्या पुढाकाराने घरगुती बिअर करणाऱ्यांची संघटना उभी राहिली आणि १९८२ मध्ये तिथेच ‘ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हल’ हा महोत्सव सुरू झाला. ज्या राज्यात कूर्स या बिअर कंपनीचा प्रचंड कारखाना एकसारख्या चवीची फिकट बिअर दूरदूर पाठवत होता, त्याच राज्यात स्वयंपाकघरातल्या पातेल्यांवर प्रयोग करणाऱ्यांची एक पिढी अशी तयार झाली.

डिक डोअर आणि एरिक वॉलेस हे त्याच पिढीतले. दोघेही कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या हवाई दल अकादमीचे पदवीधर आणि जुने मित्र. डोअर यांना १९९० च्या नाताळात त्यांच्या भावाने घरी बिअर करण्याचे साहित्य भेट दिले, आणि छंदाने सुरू झालेल्या या गोष्टीची सप्टेंबर १९९३ मध्ये कंपनी झाली. लाँगमाँटमध्ये सेंट व्रेन ओढ्याकाठी असलेला सॉसेजचा जुना कारखाना त्यांनी घेतला आणि २२ जानेवारी १९९४ रोजी ‘सॉटूथ’ या इंग्लिश वळणाच्या बिअरचा पहिला घाणा तिथे निघाला; तिने त्याच वर्षी महोत्सवात सुवर्णपदक मिळवले. कंपनीचे मूळ नाव ‘इंडियन पीक्स’ होते, परंतु ते दुसऱ्या एका ब्रुअरीने आपल्या बिअरसाठी आधीच वापरलेले असल्याने बदलावे लागले, आणि या परिसरात हिवाळा काढणाऱ्या अरापाहो जमातीचा प्रमुख निवॉट याच्या नावाचा इंग्रजी अनुवाद, ‘लेफ्ट हँड’, स्वीकारण्यात आला. निवॉट हा १८६४ च्या सँड क्रीक हत्याकांडाचा बळी होता. एखाद्या पेयाच्या बाटलीवर हे नाव वाचताना त्यामागचा इतिहास वाचकाने ठाऊक करून घ्यावा, इतके ऋण त्या नावाचे नक्कीच आहे.

ब्रुअरीने काही वर्षांनी काढलेली मिल्क स्टाउट हीच पुढे तिची ओळख झाली. तिच्या पाककृतीकडे पाहिले तर तिच्यात आश्चर्य वाटावे असा एकही पदार्थ नाही: फिका माल्ट, किंचित टोस्टचा स्वाद देणारा म्युनिक माल्ट, कॅरॅमलचा स्वाद देणारा क्रिस्टल माल्ट, चॉकलेट माल्ट, मोड न आणता काळे भाजलेले जव, जवाचे व ओटचे पोहे, मॅग्नम आणि गोल्डिंग्ज हे हॉप्स आणि लॅक्टोज. ओटच्या पोह्यांतील बीटा-ग्लुकन या तंतूमुळे जिभेवर मऊ साय आल्यासारखे वाटते. मद्यार्काचे प्रमाण ६ टक्के आहे, आणि कडवटपणा मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय एककांत ती २५ च्या आसपास भरते, जे अनेक फिकट पिल्सनर बिअरांपेक्षाही कमी आहे. व्हॅनिला नाही, कोको नाही, कॉफीही नाही. तरी पिणाऱ्याला व्हॅनिलाचे आइस्क्रीम, कोको आणि दुधाची कॉफी या तिन्हींची चाहूल लागते. भाजण्याचा कडूपणा आणि लॅक्टोजची गोडी यांचा तोल इतका नेमका साधला आहे की एक दुसऱ्याला मारत नाही, आणि शेवटचा घोट घेतल्यावर तोंडात चिकटपणा न राहता जळक्या धान्याचा कोरडा स्वाद राहतो. हा शेवटचा कोरडेपणा या बिअरचा सर्वांत मोठा गुण मानावा लागतो, कारण त्याच्यामुळेच ती मिष्टान्नाची आठवण देऊनही बिअर राहते.

या बिअरचे नाव सर्वदूर झाले ते मात्र नायट्रोजनमुळे. बिअरमधील बुडबुडे सामान्यतः कर्बवायूचे असतात, आणि हा वायू पाण्यात विरघळताना थोडे आम्ल तयार होत असल्याने जिभेला टोचल्यासारखे लागते. नायट्रोजन पाण्यात कर्बवायूच्या मानाने कितीतरी कमी, पन्नासाव्या हिश्शाहूनही कमी, विरघळतो; त्यामुळे दाबाखाली कोंबलेला नायट्रोजन दाब सुटताच अतिशय बारीक बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो आणि घट्ट, टिकाऊ फेस धरतो. गिनेस कंपनीत काम करणारे गणितज्ञ मायकेल ॲश यांनी १९५९ मध्ये या दोन वायूंच्या मिश्रणावर चालणारे पिंप प्रत्यक्षात आणले, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्याच कंपनीने डब्यात प्लास्टिकची पोकळ डबी ठेवण्याची सोय केली, जिला विजेट म्हणतात. डबा उघडताच तिच्यात कोंडलेला वायू सूक्ष्म छिद्रातून जोराने बाहेर येतो आणि सगळ्या बिअरला घुसळून काढतो. लहान ब्रुअरींना अशी खर्चिक यंत्रणा परवडत नसे, म्हणून नायट्रोजनवरची स्टाउट बारमध्ये पिंपातूनच प्यावी लागे.

लेफ्ट हँडने विजेट न वापरता, साध्या काचेच्या बाटलीत नायट्रोजनची स्टाउट भरण्याची पद्धत शोधण्यावर मेहनत घेतली आणि ‘मिल्क स्टाउट नायट्रो’ ही बाटली डेन्व्हरमध्ये भरलेल्या २०११ च्या ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हलमध्ये लोकांपुढे ठेवली. अमेरिकेतील क्राफ्ट ब्रुअरीची अशी ती पहिलीच बाटली होती. तिच्यात विजेट नसल्याने घुसळण्याचे काम पिणाऱ्यालाच करावे लागते. इतर बिअर पेला तिरका धरून, काठाने हळूहळू ओततात. ही बाटली उघडताच सरळ उभ्या पेल्यावर एकदम उलटी करावी लागते. क्षणभर सगळे पेय फिक्या तपकिरी, गढूळ दुधासारखे दिसते. मग पेल्याच्या मध्यातून वर चढणाऱ्या बुडबुड्यांमुळे कडेचा द्रव खाली वाहू लागतो आणि त्याच्याबरोबर काचेलगतचे बारीक बुडबुडे खाली जाताना दिसतात. तळाकडून काळा रंग हळूहळू वर सरकतो, आणि मिनिटाभराने काळ्या द्रवावर बोटभर जाडीची सायीच्या रंगाची टोपी तेवढी उरते. कर्बवायू कमी असल्याने आम्लाचा टोचरेपणाही कमी होतो, त्यामुळे लॅक्टोजचे प्रमाण न वाढवताच बिअर अधिक गोड व मऊ वाटते. साखरेचा एक कणही न घालता गोडीची जाणीव वाढवण्याचा हा मार्ग या ब्रुअरीच्या एकूण वृत्तीचे दर्शन घडवतो.

गोडवा मागे ठेवणाऱ्या बिअरला एक धोका कायमचा असतो. माल्टच्या रसात डेक्स्ट्रिन नावाच्या लांब साखळ्यांच्या शर्करा असतात, ज्या नेहमीच्या यीस्टला पचत नाहीत आणि बिअरला दाटपणा देतात. परंतु सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या यीस्टचाच डायास्टॅटिकस नावाचा एक प्रकार या साखळ्या तोडणारे विकर बाहेर सोडतो. तो चुकून शिरला तर बाटली बंद झाल्यानंतरही किण्वन चालूच राहते, गोडवा घटत जातो, वायूचा दाब वाढतो आणि काच फुटण्यापर्यंत वेळ येऊ शकते. लेफ्ट हँडला २०१६ मध्ये याच कारणाने मिल्क स्टाउट नायट्रोच्या बाटल्या बाजारातून परत मागवाव्या लागल्या. अमेरिकेतील अनेक ब्रुअरींनी या प्रकाराकडे गांभीर्याने पाहायला त्यानंतरच्या काळात सुरुवात केली, आणि भरण्यापूर्वी त्या यीस्टच्या विशिष्ट जनुकाची चाचणी करणे ही आता बऱ्याच ठिकाणची रीत झाली आहे. नेमके काय उरू द्यायचे हे ठरवणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते उरले आहे याची खात्री करून घेणेही महत्त्वाचे असते.

दरम्यान मिष्टान्नाची स्टाउट हा प्रकारच फोफावला. न्यूयॉर्क राज्यातील लेकवुडच्या ‘सदर्न टिअर’ने क्रेम ब्रुले या जळक्या साखरेच्या फ्रेंच कस्टर्डवर बेतलेली, व्हॅनिला व लॅक्टोज घातलेली कडक स्टाउट काढली. स्टॉकहोममध्ये २०१० साली हेनोक फेंटी आणि कार्ल ग्रँडिन यांनी सुरू केलेल्या ‘ओम्निपोलो’ने, स्वतःचा कारखाना नसताना इतरांच्या कारखान्यांतून बिअर करून घेत, ११ टक्के मद्यार्काची ‘नोआ पिकन मड केक’ आणली आणि केकच्या नावाने बिअर विकण्याची लाट युरोपात पसरवली. या वर्गाला आता पेस्ट्री स्टाउट म्हणतात. त्यात नारळ, मार्शमेलो, मेपलचा पाक, दालचिनी, बिस्किटे अशा नाना गोष्टी येतात. काही खऱ्या पदार्थांतून, काही अर्कांतून. पदार्थ प्रत्यक्ष घालणे दर वेळी शक्यही नसते, कारण शेंगदाणे किंवा लोणी यांतील स्निग्धांश बिअरचा फेस मोडतो. म्हणूनच शेंगदाण्यांची चव हवी असेल तर तेल काढलेली पूड किंवा अर्क यांचा आधार घेतला जातो. लेफ्ट हँडनेही पुढे पीनट बटर आणि रासबेरी यांच्या स्वादाच्या मिल्क स्टाउट काढल्या. अर्क वापरण्यात काही कमीपणा आहे असे नव्हे. मात्र या वर्गातील कित्येक बिअरांत व्हॅनिला आणि साखर एवढेच जाणवते, भाजलेल्या धान्याचा पत्ता लागत नाही, आणि अर्धा पेला संपण्याआधीच मन भरून जाते. त्यांच्या शेजारी मूळ मिल्क स्टाउट ठेवली की संयमाचे मोल स्पष्ट कळते.

हा संयम टिकण्याचा संबंध मालकीशी आहे. अमेरिकेतील ‘ब्रुअर्स असोसिएशन’ ही संघटना वर्षाला ६० लाख बॅरल, म्हणजे सुमारे ७० कोटी लिटर, किंवा त्याहून कमी उत्पादन असलेल्या आणि जिच्यात मोठ्या मद्य कंपनीचा वाटा २५ टक्क्यांपेक्षा कमी आहे अशाच ब्रुअरीला स्वतंत्र क्राफ्ट ब्रुअरी मानते. शिकागोची ‘गूज आयलंड’ २०११ मध्ये एबी इनबेव्ह या जगातल्या सर्वांत मोठ्या बिअर कंपनीकडे गेली, आणि २०१५ मध्ये तर अशा विक्रींची रांगच लागली: ‘लगुनिटास’चा निम्मा वाटा हायनेकेनने घेतला, ‘बॅलास्ट पॉइंट’ला सुमारे १०० कोटी डॉलर मिळाले आणि कोलोरॅडोतल्याच ‘ब्रेकनरिज’ने एबी इनबेव्हशी करार केला. त्याच २०१५ साली लेफ्ट हँडने उलट दिशा धरली आणि कर्मचारी भागमालकी योजनेद्वारे कंपनीचा बहुतांश वाटा कामगारांच्या नावे केला. या योजनेत विश्वस्त निधी कंपनीचे शेअर धारण करतो आणि कामगाराच्या नोकरीच्या वर्षांनुसार त्याच्या खात्यावर त्यांचे मूल्य जमा होत जाते, जे निवृत्तीच्या वेळी त्याला मिळते.

अशी योजना म्हणजे स्वातंत्र्याची कायमची हमी मात्र नव्हे. लाँगमाँटपासून जवळच, फोर्ट कॉलिन्स येथे असलेली ‘न्यू बेल्जियम’ ही पूर्णपणे कामगारांच्या मालकीची ब्रुअरी २०१९ मध्ये तिच्या कामगारांनीच मत देऊन जपानच्या किरिन समूहातील कंपनीला विकली. आयुष्यभराच्या कष्टांचे रोख मूल्य एकदम हाती येत असताना त्यांनी तसे करणे समजण्यासारखे आहे. तरीही बाटलीतल्या नायट्रोजनसारख्या, लगेच पैसा न देणाऱ्या प्रश्नाच्या मागे लागण्याची मोकळीक ज्यांना तिमाही नफ्याचा हिशेब दूरच्या मुख्यालयाला द्यावा लागत नाही त्यांनाच अधिक मिळते, हे या ब्रुअरीच्या कामातून दिसते.

महाराष्ट्रात ताज्या क्राफ्ट बिअरची सुरुवात २००९ मध्ये पुण्यातील ‘डूलाली’पासून झाली, आणि ती देशातल्या पहिल्या मायक्रोब्रुअरींपैकी एक मानली जाते. त्यानंतर पुणे, मुंबई आणि गोवा येथे निघालेल्या ब्रुअरींमुळे मराठी वाचकाला गव्हाच्या बिअरबरोबर स्टाउटही फळ्यावर लिहिलेली दिसू लागली आहे. ती मागवताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे तापमान: बर्फासारख्या थंड पेल्यात कोको-कॉफीचे सुगंध उमलतच नाहीत, आणि ८ ते १२ अंश सेल्सिअसला ते मोकळे होतात, म्हणून फार गार आलेली स्टाउट काही मिनिटे तशीच राहू द्यावी. दुसरी म्हणजे लॅक्टोज: दूध न पचणाऱ्यांची संख्या भारतात मोठी आहे, दुग्धशर्करा यीस्ट खात नसल्याने ती पेल्यात पूर्णपणे शिल्लक असते, आणि काळ्या बिअरकडे पाहून तिचा अंदाज येत नाही, त्यामुळे मिल्क, स्वीट, पेस्ट्री किंवा एखाद्या मिष्टान्नाचे नाव लावलेली स्टाउट समोर आली की तिच्यात लॅक्टोज आहे का, हे विचारूनच घ्यावे.